गोळीच्या आधीचा उपचार

रात्री साडेनऊच्या सुमाराला पुण्यात, कोथरूडला कर्वे रस्त्यावरच्या एखाद्या औषधाच्या दुकानापाशी पाच मिनिटं थांबून बघा. खोकल्याचं औषध, इसबगोल, लहान मुलांचे डायपर अशी गिऱ्हाइकं चाललेली असतात. तेवढ्यात एक काका पुढे होतात, आवाज जरा उतरवतात आणि खिशातून चिठ्ठी काढतात. घड्या घालून घालून ती चार ठिकाणी विरलेली. दुकानदार तारीख बघून म्हणतो, "काका, ही दोन वर्षांपूर्वीची आहे." काकांचं उत्तर ठरलेलं: "अहो, पण गोळी तीच आहे ना!"

दुकानदार अडवतो त्याला कारण आहे. झोल्पिडेम, अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम ही औषधं २०१४ पासून 'एच-१' यादीत आहेत. ती देताना डॉक्टरांचं नाव, रुग्णाचं नाव आणि किती गोळ्या दिल्या हे वेगळ्या वहीत लिहावं लागतं, आणि ती वही तीन वर्षं जपावी लागते. पण मला दुकानदारापेक्षा काकांची काळजी वाटते. दोन वर्षं 'गोळी तीच' चालली असेल, तर मधल्या काळात कुणीतरी त्यांना दुसऱ्या एका उपचाराचं नाव सांगायला हवं होतं. कुणी सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही, कारण असं काही असतं याचाच त्यांना पत्ता नाही.

त्या उपचाराचं नाव सीबीटी-आय. मराठीत 'निद्रानाशासाठीचा बोधात्मक वर्तनोपचार' असं भारदस्त नाव होईल, पण ते उच्चारेपर्यंतच माणसाला डुलकी लागायची. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर सीबीटी-आय असंच दिसेल, म्हणून मीही तेच वापरते. यात औषध नसतं. शिकलेला माणूस साधारण चार ते आठ भेटींत तुमच्या झोपायच्या-उठायच्या वेळा, अंथरुणातल्या सवयी आणि झोपेविषयीचे विचार पद्धतशीर बदलून देतो. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या मोठ्या संघटनेनं २०१६ मध्ये स्पष्ट सांगितलं, की जुनाट निद्रानाश असलेल्या प्रत्येक प्रौढाला पहिल्यांदा हा उपचार द्यावा. तेवढ्यानं भागलं नाही तरच थोड्या काळासाठी गोळीचा विचार रुग्णाशी बोलून करावा. युरोपातल्या तज्ज्ञांनी २०१७ मध्ये तेच म्हटलं आणि २०२३ मध्ये पुन्हा म्हटलं. तेव्हा जायफळ घातलेलं दूध, तळपायाला तूप आणि सीबीटी-आय हे एकाच फळीवर ठेवू नका. जायफळाशी माझं भांडण नाही, पण तो घरगुती उपाय झाला आणि हा पहिल्या नंबरचा वैद्यकीय उपचार.

मग तो आपल्या वाट्याला पहिला का येत नाही? दवाखान्यात बाहेर पंधरा माणसं बसलेली असताना डॉक्टरांकडे तुमच्यासाठी सात-आठ मिनिटं असतात. तेवढ्यात गोळी लिहून होते, झोपेच्या वेळा समजावून होत नाहीत. शिवाय या उपचाराचे नमुने घेऊन औषध कंपनीचा कुणी प्रतिनिधी दारात उभा राहत नाही. म्हणून निदान सध्या तरी तो मागूनच घ्यावा लागतो. "डॉक्टर, झोप येत नाही हो," असं म्हणालात तर बहुधा गोळी मिळेल. त्याऐवजी हे वाक्य पाठ करून जा: "चार महिने झाले, आठवड्यातल्या चार-पाच रात्री तास-दीड तास झोप लागत नाही आणि दिवसा कामावर परिणाम होतो. मला गोळीच्या आधी सीबीटी-आय करून बघायचंय. तुमच्या माहितीत कोण करतं?" फॅमिली डॉक्टरांना राग येईल अशी भीती नको. माझ्या अनुभवानं बहुतेकांना बरंच वाटतं. एक-दोघांनी तर मलाच विचारलं, कोण करतं ते आम्हालाही कळवा.

आधी नक्की काय झालंय?

कधीमधी झोप न येणं हा आजार नाही. परीक्षा, लग्नघर, मुलीचं विमान लँड व्हायचं असणं, या रात्री जागण्यासाठीच असतात. आठवड्यात तीन किंवा जास्त रात्री, तीन महिने किंवा जास्त काळ झोप लागायला, टिकायला त्रास होत असेल किंवा फार लवकर जाग येत असेल, झोपायला पुरेसा वेळ असूनही हे होत असेल आणि दिवसा त्याची किंमत मोजावी लागत असेल, तर त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात. सीबीटी-आय आहे ते यासाठी.

इथेच आपल्याकडे एक घोटाळा होतो, आणि तो माझ्याही बाबतीत झाला. वर्षभर रात्री तीनला डोळे उघडायचे. मी झोपेचा दवाखाना शोधला, गेले, आणि पहिल्याच भेटीत रात्रभराची स्लीप स्टडी ठरली. डोक्याला, छातीला, पायांना तारा लावून अनोळखी खोलीत एक रात्र काढली. आधीच झोप नाही, त्यात तारा! अहवाल आला: घोरणं किरकोळ, श्वास व्यवस्थित, झोप कमी. शेवटचे दोन शब्द मी घरबसल्या फुकट सांगितले असते. पुढे काय करायचं, हे मात्र तिथे कुणी सांगितलं नाही.

स्लीप स्टडी वाईट नाही, ती वेगळ्या आजारासाठी आहे. तुम्ही जोरात घोरत असाल, झोपेत श्वास थांबतो असं शेजारी झोपणारं माणूस सांगत असेल, सकाळी डोकं दुखत असेल, टीव्हीसमोर किंवा सिग्नलला पेंग येत असेल, तर तो स्लीप अॅप्निया असू शकतो. तिथे ही तपासणी हवीच, आणि तिथे छातीचे किंवा कान-नाक-घशाचे डॉक्टरच योग्य. नुसत्या निद्रानाशाचं निदान मात्र बोलून आणि वहीवरून होतं. म्हणून 'झोपेचा दवाखाना' अशी पाटी दिसली की फोनवर आधी विचारा: "तुमच्याकडे निद्रानाशासाठी वर्तनोपचार होतो, की फक्त तपासणी आणि अॅप्नियाचं सीपॅप मशीन?" या एका प्रश्नानं माझे पैसे आणि एक रात्र वाचली असती.

आणखी काही गोष्टी फॅमिली डॉक्टरांकडूनच बघून घ्या. रात्री पायांत वळवळ होऊन पाय हलवल्याशिवाय राहवत नसेल तर लोह तपासतात. थायरॉईड, लघवीला चार वेळा उठावं लागणं, रात्रीच्या वेळी घेतलेलं एखादं औषध, सांधेदुखी, हे सगळं सांगा. पहाटे जाग येते, त्यासोबत मन अगदी काळवंडलेलं असतं, कशातच रस नाही, असं असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञ. आणि जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील तर वही-बिही बाजूला ठेवा. १४४१६ हा 'टेली मानस'चा सरकारी नंबर चोवीस तास चालतो, फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं. त्याच क्षणी लावा.

दोन आठवड्यांची वही

कुणाकडे जायचं ते ठरायच्या आधीच एक काम सुरू करता येतं. शाळेची शंभर पानी वही घ्या आणि रोज सकाळी चहा घेताना सहा गोष्टी लिहा: अंथरुणाला पाठ कधी टेकली, झोप अंदाजे कधी लागली, मध्ये कितीदा आणि किती वेळ जाग होती, शेवटची जाग कधी, अंथरूण सोडलं कधी, दिवसा डुलकी किती. सोबत चहा-कॉफी आणि गोळी घेतली असेल तर ती. अंदाजेच लिहायचं, रात्री घड्याळ बघायचं नाही. घड्याळाचं तोंड भिंतीकडे करून ठेवा. अमेरिकेतून मुलानं पाठवलेलं मनगटावरचं घड्याळही या दोन आठवड्यांत ड्रॉवरमध्ये. 'गाढ झोप ४१ मिनिटं' असा आकडा सकाळी वाचून दिवसभर थकल्यासारखं वाटणारी माणसं मी बघितली आहेत.

आता हिशेब. समजा डहाणूकर कॉलनीतल्या एका निवृत्त शिक्षिकेची वही आपल्यासमोर आहे. बाई रात्री दहाला अंथरुणावर जातात. झोप लागते पावणेबाराला. पावणेतीनला जाग येते, ती चारपर्यंत. मग साडेसहापर्यंत झोप, आणि पावणेसातला उठतात. अंथरुणात वेळ गेला पावणेनऊ तास, म्हणजे ५२५ मिनिटं. झोप झाली तीन तास अधिक अडीच तास, म्हणजे ३३० मिनिटं. ३३० भागिले ५२५, टक्केवारी ६३. याला झोपेची कार्यक्षमता म्हणतात आणि ती ८५ च्या आसपास असली तर ठीक मानतात. बाईंना वाटतं आपल्याला झोपच नाही. वही सांगते, झोप साडेपाच तास आहे, पण ती पावणेनऊ तासांवर पातळ पसरलीय, पाव किलो श्रीखंड पंचवीस पानांत वाढल्यासारखी.

पातळ का पसरली? आर्थर स्पीलमन या मानसशास्त्रज्ञाची एक मांडणी इथे कामाची आहे. काही जणांचा पिंडच हलक्या झोपेचा असतो. मग एखादा धक्का बसतो, मृत्यू, निवृत्ती, नोकरीतली उलथापालथ. धक्का ओसरतो, पण तेवढ्या काळात आपण झोप भरून काढायला लवकर आडवं होऊ लागतो, सकाळी लोळत पडतो, दुपारी डोळा लावतो. धक्का गेला तरी या सवयी निद्रानाश जिवंत ठेवतात. सीबीटी-आय धक्क्याच्या मागे लागत नाही, ती या सवयी धरते. म्हणूनच 'माझ्या निद्रानाशाचं कारण वेगळं आहे हो' म्हणणाऱ्यांनाही ती लागू पडते.

स्पीलमननी १९८७ मध्ये मांडलेला उपाय ऐकायला उलटा वाटतो: अंथरुणातला वेळ कमी करा. बाईंची झोप साडेपाच तासांची, तर अंथरूणही साडेपाच तासांचंच. उठायची वेळ सहा पक्की केली, तर झोपायला जायचं रात्री साडेबाराला, त्याआधी नाही. पहिले काही दिवस हाल होतात. साडेदहापासून जांभया, आणि बाई सोफ्यावर डुलू नये म्हणून डब्यांना लेबलं लावतायत. पण भूक वाढावी तशी झोप साचते, आणि मग तुकडे जुळायला लागतात. आठवड्यानं वही बघायची. साडेपाच तासांपैकी पाच तास झोप, म्हणजे ९१ टक्के? मग पंधरा मिनिटं बक्षीस, सव्वाबाराला झोपा. असं आठवड्या-आठवड्यानं वाढवत न्यायचं. वय झालेल्यांना थोडं सैल देतात, एकदम तीन तास न कापता हळूहळू आवळतात. कितीही कमी झोप असली तरी ही झोपेची खिडकी, म्हणजे अंथरुणातला ठरवलेला वेळ, पाच तासांच्या खाली नेत नाहीत.

इथे एक गोष्ट जोर देऊन सांगायला हवी. ही वेळ-कपात स्वतःच्या मनानं करू नका जर तुम्हाला फिट्स येत असतील, बायपोलर आजार असेल, झोपेत चालायची सवय असेल, अॅप्नियावर उपचार झाले नसतील किंवा दिवस गेले असतील. आणि तुम्ही सकाळी सातला चांदणी चौकातून दुचाकीनं हिंजवडी गाठत असाल, रिक्षा किंवा बस चालवत असाल, मशिनवर उभे राहत असाल, तर पहिल्या दोन आठवड्यांतली पेंग जिवावर बेतू शकते. या सगळ्यांनी हा भाग तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करायचा.

दुसरा मोठा भाग रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये सांगितला. अंथरूण म्हणजे झोप, एवढीच सांगड मेंदूत उरली पाहिजे. पेंग आल्याशिवाय आडवं व्हायचं नाही. अंथरुणात मोबाइल, हिशेब, उद्याच्या भाजीची चर्चा नाही. वीसेक मिनिटं झोप आली नाही असं वाटलं की उठून दुसरीकडे जायचं, पेंग आली की परत. कितीही वाईट रात्र गेली तरी उठायची वेळ तीच.

'दुसऱ्या खोलीत जा' हे पुस्तकात लिहिणं सोपं आहे. सुतारदरा किंवा किष्किंधानगरमध्ये एका खोलीत पाच माणसं झोपत असतील तर दुसरी खोली कुठून आणायची? एक चांगला समुपदेशक यावर काय सांगतो ते मी ऐकलंय: दुसरी खोली नसेल तर दुसरी जागा. दाराशी एक खुर्ची, ओट्याजवळचा पाट, जिन्याची पायरी. दिवा मोठा लावायचा नाही, इतकंच. आणि खरं सांगायचं तर या बाबतीत जुनी घरं हुशार होती. सकाळी गादी गुंडाळून कोपऱ्यात गेली की रात्रीपर्यंत ती उलगडायची नाही. अंथरूण दिसलं की झोप आठवायची, कारण एरवी ते दिसायचंच नाही. आता टू बीएचकेतला डबलबेड दिवसभर पसरलेला असतो, त्यावर लॅपटॉप उघडतो, त्यावरच इस्त्रीचे कपडे, त्यावर बसूनच डलासच्या नातवाशी व्हिडिओ कॉल. रात्री त्याच पलंगानं अचानक झोप द्यावी अशी आपली अपेक्षा.

वामकुक्षीबद्दल पुण्यात बोलणं म्हणजे आ बैल मुझे मार. पण बोलावंच लागतं. दुपारी एक ते चारची झोप रात्रीच्या झोपेतून उसनी घेतलेली असते. ज्यांची रात्र चांगली आहे त्यांनी खुशाल घ्यावी. निद्रानाश असेल तर उपचाराच्या काळात ती बंद, आणि अगदीच डोळे मिटत असतील तर तीनच्या आत, गजर लावून वीस मिनिटं. २०१७ मध्ये चितळे बंधू मिठाईवाल्यांनी दुपारी दुकान उघडं ठेवायचं ठरवलं तेव्हा जगबुडी आली नाही, तुमच्यावरही येणार नाही.

तिसरा भाग विचारांचा. 'आज झोप लागली नाही तर उद्या मी कोसळेन' या वाक्यानंच झोप उडते. तज्ज्ञ ते वाक्य तुमच्याबरोबर तपासतात: मागच्या वेळी झोप नव्हती तेव्हा नक्की काय झालं? बहुधा चिडचिड झाली, स्वयंपाकात मीठ जास्त पडलं, दिवस मात्र पार पडला. मराठी वाचकाला ही पद्धत अगदी परकी नाही. अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ उपचारपद्धती किशोर फडके यांनी इथे रुजवली आणि अंजली जोशींच्या 'मी अल्बर्ट एलिस'मुळे ती घराघरांत पोचली. सीबीटी-आयचा हा भाग तिच्याच कुळातला.

चहा कमी, खोली अंधारी, मोबाइल बाहेर, या नेहमीच्या सूचनांबद्दल मी मुद्दाम थोडं लिहिते. त्या वाईट नाहीत, पण एकट्या पुरत नाहीत. अमेरिकेतल्या निद्रा-वैद्यक संघटनेनं २०२१ च्या मार्गदर्शनात तर निव्वळ या सूचना म्हणजे उपचार समजू नये असंच म्हटलंय. कुणी तुम्हाला छापील दहा सूचनांचा कागद देऊन 'झालं' म्हणालं, तर झालेलं नाही.

कुणाकडे जायचं

तीन पाट्या वेगळ्या ओळखा. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात एमडी किंवा तत्सम पदवी घेतलेले डॉक्टर; ते औषध लिहू शकतात, बंद करू शकतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषध देत नाहीत, बोलून आणि वर्तन बदलून उपचार करतात. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, नोंदणी क्रमांक विचारला तर कुणी रागावू नये. समुपदेशक ही पाटी सगळ्यात सैल आहे. तिच्यामागे अतिशय तयारीचा माणूस असू शकतो किंवा तीन महिन्यांचा कोर्स केलेला. कोथरूडमध्ये पौड रस्ता, मयूर कॉलनी, कर्वे पुतळ्याच्या आसपास तिन्ही प्रकारच्या पाट्या भरपूर आहेत. पण 'समुपदेशन' करणारे सगळे झोपेचं हे काम करतात असं नाही.

म्हणून फोनवर पदवीपेक्षा पद्धत विचारा. "निद्रानाशासाठी तुम्ही काय करता?" समोरून झोपेची वही, अंथरुणातला वेळ ठरवणं, उठायची पक्की वेळ, असे शब्द आपणहून आले तर योग्य दारात आहात. "रिलॅक्सेशन शिकवतो, सकारात्मक विचार देतो" एवढंच उत्तर असेल तर नम्रपणे आभार माना. मग विचारा: किती भेटी लागतील, एका भेटीची फी किती, मधल्या आठवड्यात वही दाखवायला फोन चालेल का, माझे डॉक्टर गोळी कमी करणार असतील तर तुम्ही त्यांच्याशी बोलाल का. 'वर्षभर यावं लागेल' असं उत्तर आलं तर ते दुसरं काहीतरी आहे. हा उपचार दीड-दोन महिन्यांत आटोपतो.

खासगी फी झेपत नसेल तर सरकारी ससून रुग्णालय आहे. वनाझ, आनंदनगर किंवा आयडियल कॉलनीवरून मेट्रोत बसलात की गाडी न बदलता पुणे रेल्वे स्टेशनला उतरता येतं, तिथून ससून चालत. मनोविकार विभागात केसपेपर काढा. त्याच आवारात महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था आहे, जिथे चिकित्सा मानसशास्त्राचं शिक्षण होतं. शिकणारी मुलं वरिष्ठांच्या देखरेखीखाली पुष्कळदा वेळ देऊन काम करतात. गर्दी असेल, सकाळी लवकर जा, डबा बरोबर ठेवा. डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये ठाण्यात सुरू केलेल्या 'आयपीएच' या मानसिक आरोग्यावरच्या संस्थेचं कामही पुण्यात चालतं. मराठीत बोलणारी, शिकलेली माणसं हवी असतील तर तिथे चौकशी करण्यासारखी आहे. टेली मानसचा नंबर वर दिलाच आहे, तिथून जवळच्या सरकारी सेवेचा पत्ताही मिळतो.

आणि कोथरूडच्या हद्दीतच अडकू नका. हा उपचार व्हिडिओ कॉलवर जवळजवळ तितकाच गुण देतो असं अभ्यासांत दिसलंय, कारण त्यात तपासायचं असतं ते वहीचं पान. कोल्हापूर किंवा नागपूरमधली तज्ज्ञही चालेल, तिला तुमची भाषा कळली म्हणजे झालं. 'डोळ्याला डोळा लागत नाही', 'झोप मोडते', 'अर्धवट झोप', 'ग्लानी' या चार तक्रारी वेगवेगळ्या आहेत, इंग्रजीत सांगताना त्यांचा एकच लगदा होतो.

इंग्रजी वाचणाऱ्यांसाठी अमेरिकेच्या माजी सैनिक खात्यानं केलेलं 'इन्सोम्निया कोच' हे अॅप फुकट आहे, पाच आठवड्यांचा कार्यक्रम नीट बांधलेला आहे. ब्रिटनमध्ये तर 'स्लीपिओ' या संगणकी उपचाराला तिथल्या नाइस संस्थेनं २०२२ मध्ये झोपेच्या गोळ्यांऐवजी वापरण्यासाठी मान्यता दिली. आपल्याकडे मराठीत या तोडीचं काही निघालं तर किती बरं होईल. तोवर वही.

पैशांचं थोडक्यात. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २१ नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं आहे. पण बहुतेक पॉलिसी दवाखान्यात दाखल झाल्यावरच पैसे देतात आणि सीबीटी-आयसाठी कुणी दाखल होत नाही. पॉलिसीत ओपीडीची सोय आहे का ते बघा. आयटी कंपनीत असाल तर एचआरला कर्मचारी साहाय्य योजनेबद्दल विचारा. ठरावीक सत्रं फुकट असतात आणि ती कुणी वापरत नाही.

गोळी चालू असेल तर

काकांकडे परत येऊ. हा लेख वाचून त्यांनी आज रात्रीपासून गोळी बंद करावी का? मुळीच नाही. वर्षानुवर्षं घेतलेली अल्प्राझोलाम किंवा डायझेपामसारखी गोळी एकदम तोडली तर घाम, थरथर, जास्तच निद्रानाश आणि क्वचित फिटसुद्धा येते. डॉक्टर ती आठवड्या-आठवड्यानं उतरवतात, आणि शेजारी सीबीटी-आय चालू असली तर उतरवणं सोपं जातं. मात्र साठी-पासष्टी ओलांडल्यावर ही गोष्ट 'बघू कधीतरी' वर टाकू नये. या गोळ्यांनी रात्री बाथरूमला जाताना तोल जातो, खुब्याचं हाड मोडतं. झोल्पिडेमच्या वेष्टनावर तर अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१९ मध्ये सगळ्यात कडक इशारा छापायला लावला, कारण काही माणसं झोपेतच चालतात, गाडी चालवतात. दारूचा पेग घेऊन झोपायची सवय असेल तर तीही डॉक्टरांना सांगा, लाजू नका.

गुण किती येतो? २०१५ मध्ये वीस अभ्यास एकत्र करून काढलेला हिशेब असा: झोप लागायला सरासरी १९ मिनिटं कमी लागली, मधली जाग २६ मिनिटांनी घटली, कार्यक्षमता जवळपास दहा टक्क्यांनी वाढली. आणि एकूण झोप? आठेक मिनिटंच वाढली. हा शेवटचा आकडा मी मुद्दाम लपवत नाही. आठ तास मिळतील म्हणून जाणारा माणूस तिसऱ्या भेटीला नाराज होतो. मिळतं ते वेगळं: सलगपणा, आणि अंथरुणाची भीती जाणं. हा गुण उपचार संपल्यावरही बराच काळ टिकतो, गोळीचा परिणाम गोळीबरोबर संपतो. सगळ्यांनाच गुण येतो असंही नाही. सहा भेटींनंतर वहीतला आकडा हलला नसेल तर तज्ज्ञाला तसं सांगा आणि अॅप्निया, नैराश्य, थायरॉईड पुन्हा एकदा तपासायला लावा.

स्लीप स्टडीनंतर मी शेवटी एका तज्ज्ञ बाईंकडे सीबीटी-आय केली, आणि माझी वही पाचव्या आठवड्यात ८६ टक्क्यांवर आली. मग भाद्रपदात आमच्या चौकातल्या मंडळानं स्पीकरची भिंत उभी केली, दहा रात्री गेल्या, आणि विसर्जन झालं तरी मला पुन्हा तीनला जाग. अशा वेळी लवकर झोपायचा मोह होतो. त्या बाईंनी शेवटच्या भेटीत हे आधीच सांगून ठेवलं होतं: तीन रात्री बिघडल्या तर काही करू नका, दोन आठवडे बिघडलं तर वही काढा, खिडकी अर्ध्या तासानं आवळा, उठायची वेळ सोडू नका. मी तेच केलं. अनंत चतुर्दशीनंतर सतराव्या दिवशी सकाळी सहाचा गजर मला उठवायला लागला, त्याआधी जाग नव्हती.